काम मिळवून देण्याची विद्या

अपंग माणसाला काम मिळावे याविषयी दुमत असणारा मनुष्य आज क्वचितच आढळेल. तथापि या विषयावर सभांतून आणि वृत्तपत्रांतून जे सांगितले जाते ते बहुधा दोनच पक्षांना उद्देशून असते. काम मागणाऱ्याला जिद्द धरण्याचा उपदेश करण्यात येतो आणि काम देणाऱ्याला उदार होण्याची विनंती. या दोघांच्या मध्ये उभा राहून एकाची शक्ती आणि दुसऱ्याची गरज यांचा सांधा जुळविणारा तिसरा माणूस सहसा कोणाच्या नजरेसमोर येत नाही. त्याचे काम सद्भावना असलेल्या कोणालाही जमेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ती एक विद्या आहे. ती शिकावी लागते आणि शिकवावीही लागते. बेळगाव व निपाणी या सीमाभागाच्या संदर्भात तिचा विचार केला म्हणजे तिचे महत्त्व अधिक स्पष्टपणे ध्यानात येते.

या तिसऱ्या माणसाची दखल कायद्याने पूर्वीच घेतलेली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८३ साली अपंगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाविषयी जो करार संमत केला, त्याच्या नवव्या कलमात मार्गदर्शन, प्रशिक्षण व नोकरी मिळवून देणे या कामांसाठी प्रशिक्षित सेवकवर्ग उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनांवर टाकली आहे. भारतात १९९२ साली पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला. त्यात पुनर्वसनाच्या क्षेत्रातील व्यावसायिकांची जी यादी दिली आहे, तीत वाचाउपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्या बरोबरीने व्यवसाय-समुपदेशक आणि अपंगांना नोकरी मिळवून देणारे अधिकारी यांचाही समावेश आहे. म्हणजे बहिऱ्या मुलाला बोलावयास शिकविणे हे जसे तज्ज्ञाचे काम, तसेच त्या मुलाला पुढे योग्य कामावर लावून देणे हेही तज्ज्ञाचेच काम, असे कायद्याने मान्य केले.

या विद्येचा आपल्याकडील इतिहास लहान असला तरी उपेक्षणीय नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. अपंगांसाठी स्वतंत्र असे देशातील पहिले सेवायोजन कार्यालय मार्च १९५९ मध्ये मुंबईत उघडले आणि १९६८ मध्ये मुंबई व हैदराबाद येथे व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे सुरू झाली. या सर्व प्रयत्नांमागे एक सरळ क्रम गृहीत धरलेला होता. आधी माणसाला शिकवावे, तो तयार झाला असे ठरले म्हणजे मग त्याच्यासाठी नोकरी पाहावी. हा क्रम अनेकांच्या उपयोगी पडला. पण ज्यांची बुद्धी मंद म्हणून गणली गेली, किंवा ज्यांना मानसिक आजार होता, त्यांची ‘तयारी’ वर्षानुवर्षे चालूच राहिली आणि नोकरीचा दिवस काही उगवला नाही.

हा क्रम उलटा करून पाहण्याचे श्रेय अमेरिकेतील काही संशोधकांकडे जाते. मार्क गोल्ड यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना शिकविणे अशक्यप्राय मानले जाई अशा मतिमंद मुलांना सायकलचा ब्रेक जोडावयास शिकविले. त्या ब्रेकचे सुटे भाग होते १५. काम लहान लहान टप्प्यांत विभागले गेले आणि प्रत्येक भागाची जी बाजू जोडताना वर यावयाची तिला लाल रंग लावण्यात आला. जवळजवळ सर्व मुले तो ब्रेक जोडावयास शिकली. मुलांच्या बुद्धीत काही फरक पडला नव्हता; शिकविणाऱ्याची पद्धत तेवढी बदलली होती. याच विचारातून पुढे ‘आधी काम, मग त्या कामावरच शिक्षण’ ही पद्धत रूढ झाली आणि १९८६ साली तिला तेथील पुनर्वसन कायद्यात स्थान मिळाले. कामावर लागलेल्या माणसाच्या शेजारी काही दिवस उभा राहून त्याला ते काम शिकविणारा प्रशिक्षक, हा या पद्धतीचा कणा होय.

अशा प्रशिक्षकाला काय काय यावे लागते, हे बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीचे उदाहरण घेतले तर सहज समजेल. बाहेरून पाहणाऱ्याला फाउंड्री म्हणजे आगीचे आणि धोक्याचे ठिकाण वाटते आणि अपंग माणसासाठी तेथे जागा नाही, असा निर्णय तो दारातच देऊन टाकतो. शिकलेला माणूस दारात थांबत नाही. तो आत जाऊन एक पाळीभर नुसते पाहतो. साचा घालणे, वाळूचा गाभा तयार करणे, रस ओतणे, थंड झालेल्या ओतकामाच्या कडा घासणे, यंत्रावर कातणे, माप तपासणे, तेल लावून पेटीत भरणे अशी कामांची साखळी तो कागदावर मांडतो. यांपैकी प्रत्येक कामाला उभे किती राहावे लागते, वजन किती उचलावे लागते, डोळ्यांनी काय पाहावे लागते आणि कानांनी काय ऐकावे लागते, याची तो नोंद करतो. मग त्याच्या ध्यानात येते की रस ओतण्याच्या जागी ज्याला पाठविता येणार नाही, त्याला माप तपासण्याच्या टेबलापाशी बसविता येईल. दांडा मापाच्या गेजमध्ये जातो की अडतो, हे बोटांनाही कळते. ज्याला ऐकू येत नाही त्याला यंत्राच्या खडखडाटाचा त्रास नाही. मात्र डोक्यावरून क्रेन सरकत असल्याची सूचना त्याला भोंग्याऐवजी दिव्याने मिळाली पाहिजे. असा दिवा बसविणे ही मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अशा वाजवी सोयीची तरतूद आहे.

कामाइतकीच माणसाचीही पारख करावी लागते. निपाणीतील वीस-बावीस वर्षांची, मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली आणि एका पायाने अधू असलेली मुलगी डोळ्यांपुढे आणावी. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथे वखारींतील काम आणि घरबसल्या विड्या वळणे यांवर असंख्य स्त्रियांचे संसार उभे राहिले. ही मुलगीही सूप मांडीवर घेते, पाने कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते आणि हजारी दराने मजुरी घेते. ‘बसून करता येते, तेव्हा हिला हेच बरे,’ असे घर म्हणते, शेजार म्हणतो, आणि अप्रशिक्षित हितचिंतकही तेच म्हणतो. तंबाखूची धूळ आणि तुटपुंजी मजुरी यांकडे मग कोणी पाहत नाही. प्रशिक्षित माणूस वेगळे प्रश्न विचारतो. तिची बोटे किती चपळ आहेत? तासाला ती किती नग करते आणि त्यांतले खराब किती निघतात? कट्ट्यांचा हिशेब तिचा तिलाच ठेवता येतो काय? बसची पायरी तिला चढता येते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला स्वतःला काय करावेसे वाटते? याच बोटांना विजेच्या मोटारीची तार गुंडाळण्याचे काम साधेल, शिवणयंत्राचे साधेल. हिशेबाची आवड असेल तर एखाद्या पतसंस्थेतील टेबलही साधेल. तिची चपळाई आजवर विडीच्या कट्ट्यांत मोजली गेली म्हणून ती तेवढीच आहे असे नाही.

पुढची पायरी म्हणजे मालकाशी बोलणे. येथे नवशिका कार्यकर्ता हमखास चुकतो; तो दयेचा पदर पसरतो. दयेने दिलेली नोकरी मंदीच्या पहिल्या झुळकीसरशी जाते. जाणता कार्यकर्ता मालकाची अडचण आधी विचारतो. कोणत्या कामावर माणसे टिकत नाहीत, कोठे माल परत येतो, कोणत्या पाळीला हात कमी पडतात, हे समजून घेऊन मगच तो विशिष्ट कामासाठी विशिष्ट माणूस सुचवितो. नोकरी लागल्यावरही त्याची सुटका नसते. पहिल्या आठवड्यात बस चुकते, मुकादम सूचना भराभर देतो, शौचालय दोन जिने चढून असते. अशा बारीकसारीक गोष्टींपायी चांगला कामगार घरी परततो आणि एकदा असा परतला की घराचे दार पुन्हा कित्येक वर्षे उघडत नाही. पेन्शन बंद होईल ही धास्तीही घरच्यांना असते. तिचे उत्तर नियम दाखवून द्यावे लागते, नुसत्या धीराने ती जात नाही.

सीमाभागात या सर्वांवर आणखी एक अवघड गाठ पडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव व निपाणीचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वादाचा न्याय सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. पण अपंग तरुणाची भाकरी त्या निकालासाठी थांबू शकत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलापुढे कन्नड अर्ज येतो. राज्य शासनाच्या नोकरीसाठी कन्नड यावे लागते. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट; म्हणून उपचार आणि शिक्षण यांसाठी पावले सहज उत्तरेकडे वळतात, तर निवृत्तिवेतन आणि सवलती यांचे कागद दक्षिणेकडे राहतात. दिव्यांगत्वाचे नवे ओळखपत्र देशभर ग्राह्य असले तरी राज्याच्या योजना रहिवासावर अवलंबून असतात. दोन्ही भाषा बोलणारा आणि दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांचे नियम जाणणारा मध्यस्थ नसेल, तर माणूस मध्येच अडकतो.

ही अडचण कोठे कोठे ओलांडलीही गेली आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेसारख्या खऱ्याखुऱ्या उद्योगात अपंगांचे हात गुंतले. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमण्याची योजना आहे आणि हे कार्यकर्ते स्वतः अपंग असतात, ही तिच्यातील मोठी मोलाची गोष्ट. खुणांच्या भाषेपुरता तर सीमेचा प्रश्न बराचसा सुटण्यासारखा आहे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संस्थेने २०१८ साली ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. हे संकेत शिकलेल्या कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या कर्णबधिर कामगारांना एकमेकांशी बोलावयास मराठी-कन्नडचा अडसर राहणार नाही.

कायद्याचे पाठबळही आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या होत्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि मान्य अपंगत्वांची संख्या २१ वर नेली. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी सेवकाला काढून टाकता येत नाही. खाजगी उद्योगांतही किमान ५ टक्के कामगार अपंग असावेत यासाठी उत्तेजन देण्याचे त्यात सांगितले आहे. असे असूनही २०११ च्या जनगणनेत आढळलेल्या २ कोटी ६८ लाख अपंगांपैकी जेमतेम ३६ टक्के काम करणारे होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्केच होते. राखीव जागा आणि ती भरणारा माणूस यांच्यामधले अंतर नुसत्या कलमांनी तुटत नाही.

ते तोडणारी माणसे घडविण्याची सोय मात्र सीमाभागापासून दूर आहे. बेळगाव हे मुंबई आणि बंगळूर या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर, दोन्हीकडून सुमारे ५०० किलोमीटरवर वसले आहे. व्यावसायिक पुनर्वसनाचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे तर अशाच एखाद्या दूरच्या शहराची वाट धरावी लागते. आणि तेथे जाऊन आलेल्याला मोठ्या शहरातील कचेऱ्यांची कामे ठाऊक होतात, वखारीची, यंत्रमागाची आणि फाउंड्रीची होत नाहीत. वडगाव-शहापूरच्या मागावर कांडी भरणाऱ्याला काय लागते, साखर कारखान्याचा हंगाम संपला म्हणजे वजनकाट्यावरचा माणूस काय करतो, हे पुस्तकात सापडण्यासारखे नाही. म्हणून गावोगावच्या पुनर्वसन कार्यकर्त्यांना आणि समाजकार्य शिकणाऱ्या तरुणांना काही आठवडे कारखान्याच्या फरशीवर, काही आठवडे कचेरीत आणि काही आठवडे कामावर लागलेल्या अपंग कामगाराच्या शेजारी उभे करून, मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतून शिकविण्याची सोय याच भागात व्हावयास हवी. त्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. चार कारखानदारांनी आपली दारे शिकाऊ कार्यकर्त्यांसाठी उघडली आणि एखाद्या शिक्षणसंस्थेने जबाबदारी पत्करली, तरी प्रारंभ होऊ शकेल.

अपंग माणसाच्या हाती पडणारा पहिला पगार हा त्याच्या जिद्दीचा असतो यात शंका नाही. परंतु त्या जिद्दीला योग्य दार दाखविणारा जाणता माणूस तिला वेळेवर भेटणे, हे आज बव्हंशी योगायोगावर अवलंबून आहे. तो योगायोग राहू नये एवढ्यासाठीच या विद्येच्या शिक्षणाची आवश्यकता आहे.