पांढरे उंदीर पाळताना

श्रोतेहो, आमच्या मुलीनं पांढऱ्या उंदरांची जोडी आणली, ती नर-मादीची निघाली. मादी 3 आठवड्यांत विते. पुढचं सांगायला नकोच! तेव्हा दोन माद्याच घ्या. एकटा ठेवाल तर तो झुरतो. त्यांचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकडाचा तुकडा हवाच. पिंजऱ्यातले कागदाचे कपटे वेळेवर बदला, नाहीतर मुताच्या उग्र वासानं त्यांची छाती बिघडते. शेतातलं पिल्लू मात्र पोरांना धरू देऊ नका. त्याच्या मुतातून लेप्टोचा ताप येऊ शकतो.

आणि शिक्षकहो, वर्गात उंदीर ठेवणार असाल, तर मुलांना आधीच सांगा, हा पाहुणा साधारण 2 वर्षांचाच. आम्ही ते सांगितलं नव्हतं. रिकामा पिंजरा मुलगी अजून माळ्यावर टाकू देत नाही.