नाव कोणत्या कार्डात आहे, ते आज पाहा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)

अध्यक्षताईंनी मला हप्त्यांवर बोल म्हटलं होतं. पण मागच्या महिन्यात गट-कर्जाचे कागद गोळा करताना एक गोष्ट पाहिली, ती आधी सांगते.

एका ताईचं लग्न होऊन चार वर्षं झाली. माहेर दर्यापूरकडलं, सासर तेल्हाऱ्याकडलं, म्हणजे जिल्हाच बदलला. आधारवर पत्ता अजून माहेरचा. रेशन कार्ड मागितलं, तर सासूबाईंनी काढून दिलं. त्यात सुनेचं नाव नाही, लेकराचंही नाही. माहेरी फोन लावला. भावजय म्हणे, "तिचं नाव तं लग्न झालं तवाच कमी केलं." ताई माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "म्हंजे मी कुठीच नाही का व?"

प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. चार वर्षांचे होतात २४० किलो. माहेरी नाही, सासरी नाही. आणि यात लेकराचं धरलंच नाही.

दोष कोणाचा, यात मी जात नाही. लग्नात भांड्यांची यादी होते, मानपानाची होते, कागदांची होत नाही एवढंच म्हणते. माहेरच्या कार्डातून नाव कमी केलं की तहसीलच्या पुरवठा विभागातून तसा दाखला मिळतो. तो दाखला हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. तो लावून सासरच्या कार्डात नाव चढवायचा अर्ज लगेच टाका, आणि पोच मागून घ्या. पोच नसली तर पुढच्या खेपेला "तुमचा अर्जच नाही" असं ऐकावं लागतं. मी ऐकलं आहे.

आणखी एक. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या मोठ्या बाईचं नाव धरलं आहे. सासूबाई, हे तुमच्यासाठी! कार्ड तुमच्या नावाचं, तर सुनेचं नाव चढलं का हे पाहणंही तुमचंच.

आता आधार. बऱ्याच जणी म्हणतात, "माह्याजवळ या घरचा काहीच पुरावा नाही. लाईट बिल सासऱ्याच्या नावानं." त्यावर वाट आहे. २०२३ पासून घरप्रमुखाच्या संमतीनं पत्ता बदलता येतो. त्यांनी आपल्या आधारवरून ३० दिवसांच्या आत हो म्हणायचं, की त्यांचाच पत्ता तुम्हाला लागतो. इथं घरप्रमुख म्हणजे पुरुषच असं नाही; १८ वर्षांवरची आई चालते. सासरहून परत आलेल्या आपल्या ज्या बहिणी आहेत, त्यांनी हे नीट ऐका. आईच्या घरचा पत्ता लावायला नवऱ्याची सही लागत नाही.

अडतं कुठं, तर मोबाईलवर. ओटीपी जातो जुन्या नंबरवर, आणि तो नंबर भावाचा, नाही तर बंद पडलेला. नंबर बदलायला स्वतः आधार केंद्रावर जाऊन अंगठा देता येतो. म्हणून आधी नंबर, मग पत्ता. काही अडलं तर १९४७ वर फोन लावा, मराठीतून बोलतात.

मागच्या सभेत एक काकू हळूच म्हणाल्या, पत्ता बदलला तर योजनेचे पैसे थांबतील. नाही काकू. पैसे पत्त्यावर येत नाहीत, आधारला जोडलेल्या बँक खात्यावर येतात. पत्त्यावर येतं ते बँकेचं पत्र आणि एटीएम कार्ड. म्हणून बँकेतही नवा पत्ता द्या. दुसरी भीती, माहेरच्या शेतातला हिस्सा जाईल. आधारवरचा पत्ता बदलल्यानं हिस्सा जात नाही. तो जातो हक्कसोडपत्रावर न वाचता सही केली की. त्यावर एकदा वेगळं बोलीन.

मतदार यादीसाठी फॉर्म ८ आहे, बीएलओंकडे द्यायचा. पत्ता लिहिताना पिन नीट टाका. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सुरुवात ४४४ नंच होते. दर्यापूर ४४४८०३, अकोट ४४४१०१. शेवटचे तीन आकडे चुकले की पत्र दुसऱ्याच पोस्टात.

आणि हे फक्त लग्नाचंच नाही. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पामुळे उठली आणि अकोट तालुक्यात वसली. तिथं तर गावच्या गाव अमरावती जिल्ह्यातून अकोला जिल्ह्यात आलं. घर, तालुका, जिल्हा, सगळं एकदम बदललं. एका बाईला एवढे चकरा, तर अख्ख्या गावाला किती, विचार करा. घरकुलात राहायला गेलेल्या किंवा कामासाठी पुण्याकडे जाणाऱ्या घरांनाही हेच लागू. बाहेरगावी गेलात तरी रेशन तिथल्या दुकानात अंगठा देऊन मिळतं, कार्ड रद्द करायची गरज नाही.

पुढच्या सभेला आधार, रेशन कार्ड आणि पासबुक, तिन्ही आणा. शेजारी बसून तिन्हीवरचा पत्ता जुळतो का ते आपण पाहू. लिहिता येत नसेल त्यांचा अर्ज मी भरते.

त्या ताईचा अर्ज आम्ही तहसीलला दिला. पोच तिच्याच पिशवीत आहे. लेकराचं नाव मात्र अडकलं, कारण जन्मदाखला अजून माहेरी आहे. येत्या सोमवारी ती स्वतः एसटीनं जाऊन आणणार आहे.