गावची शाळा : पारख कशी करावी?

(ग्रामीण भागातील पालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाच्या अंगावरची झूल पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. सोयाबीन पेरण्यापूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि त्यांतले किती अंकुरले हे मोजतो. ते शंभर दाणे तो निवडून घेत नाही, पोत्यात हात घालून जसे येतील तसे घेतो. कारण टपोरे दाणे वेचून चाचणी केली तर फसवणूक दुसऱ्या कोणाची नव्हे, आपलीच होते, हे त्याला पक्के ठाऊक असते. इतका चोखंदळ असलेला हाच माणूस स्वतःचे मूल ज्या शाळेत घालतो तिची पारख मात्र झूल पाहून करतो, ही आजची वस्तुस्थिती आहे.

गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांचे बाह्यरूप पुष्कळ पालटले. भिंती बोलक्या झाल्या. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, संगणक आले. मध्यंतरी तर आयएसओ मानांकनाची लाटच आली होती आणि प्रवेशद्वारावर ते प्रमाणपत्र लावण्यासाठी शाळाशाळांमध्ये चढाओढ लागली होती. मुळात हे मानांकन कामकाजाच्या पद्धतीला मिळते, नोंदी आणि दप्तर व्यवस्थित आहे की नाही याला मिळते. तिसरीतल्या मुलाला वाचता येते का, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण समारंभ झाले, फेटे बांधले गेले आणि शाळा दर्जेदार असल्याचे जाहीर झाले.

याचा अर्थ भौतिक सुविधा गौण आहेत असा नव्हे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मैदान, कुंपण, ग्रंथालय या गोष्टी त्या कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. त्या नसतील तर मागितल्याच पाहिजेत. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर शाळेची रंगरंगोटी कितीही सुंदर असली तरी तिला कमी गुण द्यावेत. मात्र ही सगळी जमिनीची मशागत झाली. मशागत चांगली आहे म्हणून पीक आले, असे कोणी म्हणत नाही.

दुसरी झूल शिष्यवृत्तीच्या फलकाची. चौकात चार-पाच मुलांची छायाचित्रे झळकतात, खाली गुरुजनांची नावे असतात. त्या मुलांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु वर्गात तीस मुले असतील, तर फलकावर नसलेल्या पंचवीस-सव्वीस मुलांचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. हे निवडून घेतलेले दाणे आहेत. घरी शिकवणारे आईवडील, पुस्तके आणि जादा तास मिळालेले मूल पुढे जाणारच. शाळेची कसोटी लागते ती ज्याच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही त्या मुलापाशी.

कागदावर किती विसंबावे, याचा एक धडा महाराष्ट्राने २०११ साली घेतला आहे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावर असलेली, पण प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेली मुले मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली. त्या बनावट पटाच्या आधारे अनुदान घेतले जात होते, शिक्षकांची पदे मंजूर होत होती. तेव्हा पालकाने पहिली गोष्ट करायची ती डोकी मोजण्याची. सणासुदीचा, लग्नसराईचा दिवस सोडून एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारच्या सुट्टीनंतर जावे. सकाळच्या परिपाठाला किती होती, खिचडीला किती होती आणि चार वाजता किती उरली, हे तीन आकडे एकमेकांशेजारी मांडले, तरी शाळेविषयी बरेच काही कळते.

त्यानंतर वाचन. २००५ पासून ‘असर’ या नावाने ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी होत आली आहे. तिची पद्धत शेतकऱ्याच्या गोणपाटाइतकीच साधी आहे. एकेका मुलाला जवळ बसवायचे. प्रथम अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. गणितात अंकओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. एवढेच. महत्त्वाचे हे की ही पाहणी शाळेत होत नाही, घरोघरी जाऊन होते. शाळेत गेले तर हजर असलेली मुले भेटतात. घरी गेले तर शेळ्यांमागे गेलेले, धाकट्या भावंडाला सांभाळणारे, नाव कमी झालेले मूलही भेटते. इथे दाणे निवडता येत नाहीत.

या पाहणीत देशातील सरकारी शाळांचे जे चित्र दिसले, ते डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २०२२ साली तिसरीतील अवघी १६.३ टक्के मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत होती. करोनाच्या टाळेबंदीने शाळा दीर्घकाळ बंद राहिल्याचा तो परिणाम होता. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर आले. पाचवीत ते ३८.५ वरून ४४.८ झाले. सुधारणा खरी आहे, तिचे श्रेय शिक्षकांना दिलेच पाहिजे. तरीही पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. अशा मुलाच्या हाती पाचवीचे भूगोलाचे पुस्तक दिले तर ते त्याने काय करावे?

हीच पारख गावाला स्वतः करता येते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. त्यात तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या हे माप दिले आहे. हातात घड्याळ आणि मुलाने पूर्वी न पाहिलेली एखादी सोपी गोष्ट असली की पुरे. न पाहिलेली हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण पाठ्यपुस्तकातला धडा अनेक मुलांना तोंडपाठ असतो; पुस्तक उलटे धरले तरी ती ‘वाचून’ दाखवतात! वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत. उत्तर गोष्टीतल्या शब्दांत न देता मूल स्वतःच्या शब्दांत देत असेल तर वाचन पोटात गेले असे समजावे. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. ही चाचणी चारचौघांत घेऊ नये, मुलाला हसू नये आणि गुरुजींच्या अपरोक्ष, त्यांना पेचात पकडण्यासाठी तर मुळीच घेऊ नये.

वह्यादेखील चाळाव्यात. अक्षर मोत्यासारखे, प्रत्येक पानावर लाल बरोबरची खूण, आणि तीच ओळ मुलाला वाचता येत नाही, असे दृश्य दुर्मीळ नाही. फळ्यावरचे चित्रासारखे उतरवून काढण्याची कला मुले फार लवकर शिकतात. उलट, जिथे खाडाखोड आहे, चूक दुरुस्त केल्याच्या खुणा आहेत, चार मुलांनी एकाच विषयावर चार निरनिराळी वाक्ये लिहिली आहेत, तिथे शिक्षण चालू आहे असे खुशाल मानावे.

वर्गात बसण्याची संधी मिळाली तर शिक्षकांकडे कमी आणि शेवटच्या रांगेकडे जास्त पाहावे. तासाभरात तिथल्या मुलाचे नाव किती वेळा घेतले गेले? ते प्रश्न विचारण्यास धजावले का? आणि ते कोणत्या भाषेत बोलले? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले, तेव्हा मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्यांनी कृतीने दाखवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवण्याची कल्पना त्यातूनच आली. मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल असो वा तांड्यावरचे गोरमाटी बोलणारे, त्याच्या घरच्या शब्दाला वर्गात जागा मिळते की हसे होते, ही शाळेच्या दर्जाची अतिशय सूक्ष्म आणि तितकीच खरी खूण आहे.

आता शिक्षकांची बाजू. द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षकांना चार किंवा पाच वर्ग सांभाळावे लागतात. एक शिक्षक बैठकीला गेला की उरलेला एकटा. पोषण आहाराचा हिशेब, निरनिराळ्या संगणकीय प्रणालींवरील माहिती, मतदार यादीचे काम, अहवाल आणि छायाचित्रे या सगळ्यांतून वेळ उरला तर अध्यापन! कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन बंधनकारक केले आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपू नयेत, असे त्याचे २७ वे कलम सांगते. म्हणून गावाने एक साधी नोंदवही ठेवावी : गुरुजी वा बाई महिन्यात किती दिवस शाळेबाहेर होत्या आणि कोणाच्या आदेशाने. शिक्षक कामचुकार असेल तर ते त्यात दिसेल. पण बहुतेक ठिकाणी त्यांना वर्गाबाहेर काढणारी यंत्रणाच दिसेल, आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवायला गावाच्या हाती पुरावा असेल.

एवढे सारे ऐकून कोणी म्हणेल, कशाला ही यातायात? पिवळी गाडी दारात येते, गळ्यात टाय असतो, शुल्क भरले की झाले. इथे शेजारच्या राज्यातील एका अभ्यासाचा दाखला उपयोगी पडेल. तत्कालीन आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी शाळांतील मुलांना सोडत काढून खासगी शाळांचे शुल्क दिले. सोडत असल्याने हुशार किंवा सधन घरची मुले वेचली जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुन्हा तोच गोणपाटाचा न्याय. २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली मुले सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली नव्हती. हिंदीत ती सरस ठरली, कारण तो विषय खासगी शाळांमध्ये शिकवला जात होता. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता. सरकारी व्यवस्थेने यावर विचार करावा. पण खासगी शाळेत दिसणारी हुशारी पुष्कळशी घरून आलेली असते, हे पालकाने त्यातून घ्यावे.

आणि जो पालक मूल काढून नेतो तो एकटे मूल नेत नाही. तो सभेत प्रश्न विचारणारा माणूस नेतो, सरपंचाला जाब विचारणारा आवाज नेतो. मागे उरतात ती दिवाळीनंतर आईवडिलांसोबत उसाच्या फडावर जाणारी आणि चैत्रात परतणारी मुले, शेतमजुरांची मुले, मुली. पट घटतो, शिक्षकाचे पद जाते, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या यादीत गावाचे नाव येते. तिथून समूहशाळेची चर्चा सुरू होते. सात वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जायचे की घरी बसायचे, हा प्रश्न मग ज्यांनी आधीच मुले हलवली त्यांना पडत नाही.

हे अटळ आहे असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातील जालिंदरनगरची शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. ती २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत अंतिम यादीपर्यंत पोहोचली. अशा शाळांना भेट देण्यासाठी लोक गाड्या भरून जातात. त्यांनी तिथे एक प्रश्न अवश्य विचारावा : हे गुरुजी उद्या बदलून गेले तर काय राहील? एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली शाळा त्याच्या बदलीच्या आदेशासरशी खाली बसते. गावाच्या खांद्यावर उभी असलेली बसत नाही.

त्यासाठीचे साधन कायद्याने दिलेलेच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आज अनेक गावांत या समितीचे काम सह्यांपुरते उरले आहे. इतिवृत्त घरी पाठवले जाते, चहाबरोबर सही होते. येत्या बैठकीत एवढेच करावे. तिसरीच्या सगळ्या मुलांची नावे एका वहीत लिहावीत, गैरहजर असलेल्यांसह. जुलैत एकदा, जानेवारीत एकदा आणि शाळा सुटण्यापूर्वी एप्रिलमध्ये एकदा, प्रत्येक नावापुढे अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट एवढीच नोंद करावी. ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, म्हणजे नवे शिक्षक आले की पहिल्या दिवशी त्यांच्या हाती पडेल. जे मूल फडावर गेले असेल त्याच्या नावापुढे त्या गावाचे किंवा साखर कारखान्याचे नाव लिहावे, आणि ते परतले की कोणत्या घरी संध्याकाळी त्याला वाचायला बसवायचे, हे त्याच बैठकीत ठरवावे.