तुरटी घातल्यानंतर

इंदूरच्या नळांना येणारे बहुतेक पाणी नर्मदेचे आहे. ही योजना 1978 मध्ये सुरू झाली. मंडलेश्वरजवळ जलूद येथे नदीचे पाणी उचलून शुद्ध केले जाते आणि मग सुमारे 70 किलोमीटरचा चढाचा प्रवास करून ते शहरात पोहोचते. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटीचे प्रमाण वाढवावे लागते. ते किती वाढवावे, हे ओळीने मांडलेल्या काचपात्रांत निरनिराळ्या मात्रा घालून व ढवळून ठरवण्याची रीत आहे. कोणत्या पात्रात गाळ नीट बसला, हे डोळ्यांना कळते. पाण्यात विरघळून काय उरले, ते मात्र कळत नाही.

तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असते. त्याचा बराचसा भाग गाळाबरोबर तळाशी जातो; परंतु पाण्याची आम्लता किंवा अल्कता योग्य मर्यादेबाहेर गेली, तर काही अंश विरघळून पुढे निघतो. भारतीय मानकानुसार (2012) पिण्याच्या पाण्यात दर लिटरला 0.03 मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास फार तर 0.2 मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम चालते. शुद्धीकरणानेच पाण्यात एखादे द्रव्य वाढावे, ही गोष्ट विचित्र वाटेल, पण ती खरी आहे.

इंदूरच्या पश्चिमेला धार आणि झाबुआ जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तेथील काही विंधनविहिरींत फ्लोराइडचे प्रमाण फार आहे. त्यामुळे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडेही वाकतात. यावर नागपूरच्या 'नीरी' संस्थेने नलगोंडा पद्धत विकसित केली. तीत चुना, तुरटी व विरंजक चूर्ण एवढेच लागते. मात्र फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी बरीच घालावी लागते. म्हणजे फ्लोराइड उतरले एवढे पाहून थांबता येत नाही. त्याच पाण्यात अ‍ॅल्युमिनियम किती चढले, हेही मोजले पाहिजे.

मोजावे कशाने? आर्सेनिकची मर्यादा दर लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, म्हणजे दहा लाख लिटरमध्ये तोळ्याहूनही कमी. इतक्या अल्प प्रमाणातील द्रव्यांना लेश मूलद्रव्ये म्हणतात. ती ओळखण्याचे एक सामर्थ्यवान साधन इंदुरातच आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-2' या 172 मीटर परिघाच्या यंत्रातून प्रखर क्ष-किरण मिळतात. पाण्याचा थेंब गुळगुळीत पृष्ठावर वाळवून त्यावर हे किरण अगदी तिरपे सोडले, तर लोह, जस्त, आर्सेनिक, शिसे अशी मूलद्रव्ये आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण बाहेर टाकतात आणि त्यांवरून ओळखता येतात. गंमत अशी की फ्लोरिन या पद्धतीला जवळजवळ दिसतच नाही; ते फार हलके आहे. त्यासाठी टेबलावर मावणारा, फ्लोराइडलाच प्रतिसाद देणारा विद्युदग्र अधिक उपयोगी पडतो. गावातील पाण्यासाठी मी तोच आधी मागेन.

परंतु उपकरण कितीही चांगले असले, तरी बाटली चुकली की सारे फुकट. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. म्हणून बाटली आम्लाने धुतात आणि धातूंसाठी घेतलेल्या नमुन्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात. विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम हवे असेल, तर त्याआधी पाणी गाळून घ्यावे लागते. अन्यथा आम्लात गाळही विरघळतो आणि त्याचे अ‍ॅल्युमिनियमही मोजणीत धरले जाते. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली वेगळी, आणि तीत आम्ल घालायचे नाही. नमुनेही एकाच जागचे पुरत नाहीत. नदीचा एक, तुरटीनंतरचा एक, गाळणीनंतरचा एक आणि शेवटच्या घराच्या नळाचा एक, असे चार तरी हवेत.