गुऱ्हाळातला रस आणि नदीतलं फिनॉल



दौंडकडच्या गुऱ्हाळावर चरकातून निघालेला रस वेळेत काहिलीत पडला नाही, तर काळवंडतो. चिरलेलं वांगंही असंच काळं पडतं. दोन्हीकडे काम एकाच जातीच्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं: पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. ते वनस्पतीतल्या फिनॉलवर्गीय पदार्थांचं हवेतल्या ऑक्सिजनच्या साह्यानं क्विनोन करतं, आणि त्या क्विनोनपासून काळपट रंग तयार होतो. गुळाचा रंग बिघडवणारं हे विकर नदीची राखण करू शकतं.

शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ, अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, भीमा पुढे उजनी धरणात जाते. रंग, औषधं, रेझिन यांच्या कारखान्यांत फिनॉल वापरात असतं. ते पाण्यात उतरलं आणि त्या पाण्यात क्लोरीन पडलं, की क्लोरोफिनॉल तयार होऊन पाण्याला उग्र वास येतो. प्रयोगशाळेत फिनॉलची तपासणी होते, पण नमुना नेऊन, ऊर्ध्वपातन करून, रंग आणून मोजेपर्यंत नाल्यातलं पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं.

फिनॉल जागेवरच मोजायचं, तर जैवसंवेदक, म्हणजे बायोसेन्सर, कामाला येतो. त्यात हे विकर कार्बनच्या इलेक्ट्रोडवर कायटोसानसारख्या पदार्थात बांधून ठेवतात. फिनॉलपासून झालेलं क्विनोन इलेक्ट्रोडकडून इलेक्ट्रॉन घेतं, त्याचं कॅटेकॉल होतं, विकर त्याचं पुन्हा क्विनोन करतं. या फेऱ्यांमुळे थोड्या फिनॉललाही मोजण्याजोगा विद्युतप्रवाह मिळतो. विकर शुद्ध करूनच घ्यावं लागतं असंही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत सिडवेल आणि रेक्निट्झ या संशोधकांनी केळ्याचा गरच इलेक्ट्रोडवर लावून डोपामाइन हा फिनॉलवर्गीय पदार्थ मोजला होता! साध्या फिनॉलसाठी मात्र अळंबीतलं टायरोसिनेज हे याच जातीचं विकर जास्त उपयोगी.

या संवेदकाच्या मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात. उन्हाने, आम्लाने विकर मरगळतं. पॅरानायट्रोफिनॉलला ते फारशी दाद देत नाही. उलट साखर कारखान्याच्या सांडपाण्यातली उसाची स्वतःची फिनॉलंही आकड्यात मिसळतात. पिण्याच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, इतकं सूक्ष्म मोजणं या साध्या संवेदकाला अवघड आहे. नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा मात्र लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि तिथे हा संवेदक पुरेसा पडतो. म्हणून माझं म्हणणं असं, की त्याची जागा घरच्या नळाशी नाही, नाल्याच्या तोंडाशी आहे.

शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावं. एकाच नमुन्याचे दोन भाग करावेत, एक संवेदकावर तपासावा, दुसरा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.