बोलावणारे आपण कधी होणार?

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मंडळाने मला 'नेटवर्किंग कसं करावं' या विषयावर बोलायला सांगितलं. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते, धंदा कधी केलेला नाही. त्यामुळे कसं करावं हे मी सांगू शकणार नाही. पण ओळखी कोण जमवतं, कुणाच्या जोरावर जमवतं आणि त्यात आपण कुठे असतो, यावर थोडं बोलते.

दोन वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात उद्योजकांचा मेळावा होता. मी तिथे नोंदणीच्या टेबलामागे उभी होते, नावाचे बिल्ले वाटायला. फेलोशिप चार महिने अडकली होती आणि त्या कामाचे रोख पैसे मिळणार होते. तिकिटाची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या मेसच्या बिलाएवढी होती. मेळावा भरवणारा गृहस्थ परदेशातून आला होता. जगभर फिरून असे मेळावे भरवणं हाच त्याचा व्यवसाय. आदल्या आठवड्यात सिंगापूर, पुढच्या आठवड्यात दुबई. माणूस चांगला होता, टेबलावरच्या आम्हा मुलींना जेवलात का म्हणून विचारून गेला. व्यासपीठावरून तो म्हणाला की ओळखी हीच खरी संपत्ती आहे, आणि ओळख करून घेणं हे कौशल्य कुणालाही शिकता येतं.

त्या रात्री मला दोन गोष्टी जाणवल्या. पहिली म्हणजे, त्या हॉलमध्ये प्रत्येकाकडे विकायला काहीतरी होतं, फक्त त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे एक हॉल आणि एक यादी होती. तरीही सगळ्यांना त्यालाच भेटायचं होतं, कारण कुणाला कुणाजवळ बसवायचं हे तो ठरवत होता. दुसरी गोष्ट, मी त्या संध्याकाळी शेकडो आडनावं हाताळली. आडनावं वाचायची सवय आपल्याला कुणी लावली हे तुम्हाला सांगायला नको. आपल्यातलं वाटावं असं आडनाव एखाद-दुसरंच होतं.

ही काही शास्त्रीय मोजणी नाही. पण मोजणी झालेली आहे. २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये अजित, डाँकर आणि सक्सेना यांनी देशातल्या १००० आघाडीच्या कंपन्यांच्या संचालकांची जात तपासली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३.५ टक्के. आता विचार करा, हे संचालक एकमेकांना कुठे भेटले असतील? मेळाव्यात? त्यांची ओळख शाळेत, लग्नात, सोसायटीत, मामाच्या पेढीवर आधीच झालेली असते. मेळाव्यात ती फक्त ताजी होते.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझे वडील नांदेडला मोंढ्यात हमाल होते. थोरल्या भावाने आयटीआय केलं, दहा वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये वेल्डिंग केलं आणि मग कर्ज काढून स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं. ग्रिल, गेट, शेड, लोखंडी रॅक. काम उत्तम. पण गिऱ्हाईक सगळं वस्तीतलं आणि ओळखीतलं, म्हणजे उधारीचं.

कुणीतरी सांगितलं म्हणून दादा व्यावसायिकांच्या एका क्लबात गेला. आठवड्यातून एकदा सकाळी सातला नाश्ता, प्रत्येक धंद्याचा एकच सदस्य, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला गिऱ्हाईक सुचवायचं. वर्षाची फी त्याने वहिनीची अंगठी गहाण ठेवून भरली. इस्त्रीचा शर्ट घालून तो एकही सकाळ न चुकवता जायचा. वर्षभरात त्याने इतरांना तीसएक गिऱ्हाइकं सुचवली. त्याला आली दोन. त्यातलं एक मोठं होतं, एका गोदामाच्या रॅकचं. दर ठरला, माप झालं. मग पार्टी वर्कशॉप बघायला आली. चहा झाला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्यानंतर फोन आला नाही आणि दादाने केलेला उचलला गेला नाही.

फोटोमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित त्यांना दुसरीकडे स्वस्त मिळालं असेल. पण नकाराचं कारण आपल्याला कधीच कळत नाही. दुसऱ्याचा सौदा फिसकटला तर तो दर बघतो, आपण भिंत बघतो. पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा फोटो आतल्या खोलीत गेला होता. मी चिडले, वाटेल ते बोलले. दादा शांतपणे म्हणाला, "अगं, बँकेचा हप्ता तुझ्या भाषणावर फिटत नाही." मला उत्तर देता आलं नाही.

दादाची गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून आले. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं आणि तो व्यवसाय बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाकडे कौशल्य कमी होतं असं कोण म्हणेल?

आता कोल्हापूरला या. शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदतही केली. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. महाराच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायला लागले. राजाने घेतल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही कसं म्हणता येईल? हॉटेल चाललं. पुढे याच गंगारामांनी पुढाकार घेऊन महाराजांचं स्मारक उभारलं.

बाबासाहेबांकडे पदव्या होत्या, पण त्यांचं दार उघडून गिऱ्हाईक आत आणणारं कुणी नव्हतं. गंगारामांकडे पदवी नव्हती, पण तसा माणूस होता. फरक कौशल्यात नव्हता. बोलावणारा कोण आणि त्याच्या शब्दाला वजन किती, यात होता. पण राजा भेटणं हा नशिबाचा भाग झाला. सगळ्यांनाच कुठून राजा भेटणार? तेव्हा राजा नसताना लोकांनी काय केलं, ते बघू.

अमेरिकेत गुलामगिरी संपून पस्तीस वर्षं झाल्यावर, १९०० मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी बॉस्टनमध्ये 'नॅशनल नीग्रो बिझनेस लीग' काढली. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या टेबलावर जागा नव्हती, म्हणून काळ्या दुकानदारांचं, न्हाव्यांचं, शिंप्यांचं, पेढीवाल्यांचं वेगळं टेबल. गावोगाव शाखा निघाल्या आणि दरवर्षी वेगवेगळ्या शहरात अधिवेशन भरू लागलं.

१९१२ चं अधिवेशन शिकागोला होतं. तिथे मॅडम सी. जे. वॉकर नावाची बाई आली होती. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. आईवडील गुलाम होते. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा. वर्षानुवर्षं लोकांचे कपडे धुतले. मग काळ्या बायकांच्या केसांसाठी औषधी मलम विकायला सुरुवात केली आणि इंडियानापोलिसला कारखाना उभा केला. तिला अधिवेशनात बोलायचं होतं, वॉशिंग्टन तिला वेळ देईनात. शेवटी ती जागेवरूनच उठली आणि बोलली. कपडे धुण्यापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास तिने भर सभेत सांगितला. पुढच्या वर्षी तिला वक्ता म्हणून रीतसर बोलावणं आलं.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. वंचितांनी मांडलेल्या टेबलावरसुद्धा बाईला खुर्ची मागावी लागली. आपल्या मंडळांतही बायका किती आणि बोलतात किती, हे आज घरी जाताना आठवून बघा.

पण वॉकरबाई खुर्ची मिळाल्यावर थांबल्या नाहीत. त्या स्वतः यजमान झाल्या. अमेरिकाभर फिरल्या, १९१३ मध्ये जमैका, क्यूबा, हैती, कोस्टा रिका, पनामापर्यंत गेल्या. जिथे जातील तिथे बायकांना जमवून माल विकायला आणि स्वतःचा धंदा चालवायला शिकवायच्या. या विक्रेत्या बायकांचे गावोगाव क्लब केले आणि १९१७ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांचं अधिवेशन भरवलं. दोनशेच्या वर बायका आल्या. त्या अधिवेशनात बक्षिसं जास्त माल विकणारीलाच नव्हती, आपल्या गावात समाजाचं जास्त काम करणाऱ्या क्लबालाही होती. आणि काळ्या लोकांना जमावाने ठार मारण्याविरुद्ध कायदा करा, अशी तार त्या अधिवेशनाने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पाठवली. धंद्याच्या मेळाव्यातून निघालेली ही तार आहे. आपल्याकडे काही जण म्हणतात, आधी धंदा करा, चळवळ नंतर. काही म्हणतात, दलित भांडवलशाही हा भुलावा आहे. या वादात मला अजून खूप शिकायचं आहे, पण त्या बायकांनी दोन्ही एकाच सभागृहात केलं एवढं मला दिसतं.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. जानेवारी २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यात सरकारी खरेदीत दलित-आदिवासींचा वाटा मागितला गेला. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचं चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केलं. २०१२ मध्ये केंद्राचा खरेदी धोरणाचा आदेश निघाला. त्यानुसार केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे.

आणि इथे मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. हा आदेश मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी वाचला. टिपण काढलं, प्रकरणात एक परिच्छेद लिहिला, गाईडने शाबासकी दिली. त्याच वर्षी माझा भाऊ अंगठी गहाण ठेवून नाश्त्याला जात होता. रॅक करणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाला हे सांगावं, असं मला सुचलंच नाही. तो फोटो आत गेल्यावर मला सुचलं.

समाजशास्त्रात मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक प्रसिद्ध लेख आहे. ते म्हणतात, नवी माहिती आपल्याला जवळच्या माणसांकडून कमी मिळते. त्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. ती मिळते लांबच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखींकडून, कारण ते दुसऱ्या वर्तुळात वावरतात. नोकरी बदललेल्या ज्या लोकांना ओळखीतून काम मिळालं, त्यांच्यापैकी सतराच टक्के जणांची ती ओळख वरचेवर भेटण्यातली होती.

आपल्या वस्तीत अशी दुसऱ्या वर्तुळात वावरणारी माणसं कोण? आपणच. घरातले पहिले पदवीधर. आपण विद्यापीठात जातो, बँकेत, कोर्टात, आयटी कंपनीत, सरकारी कार्यालयात बसतो. आपण तक्रार करतो की आपल्याला ओळखी नाहीत. पण वस्तीतल्या शंभर घरांसाठी ती ओळख आपण आहोत, आणि माझ्यासारखे कित्येक जण ती प्रबंधात पुरून ठेवतात.

आता दादाची उद्यम नोंदणी झाली आहे, जातीच्या दाखल्यासह. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरही तो आहे. फॉर्म मी भरला, जीएसटीचं कोडं आपल्याच एका मित्राने सोडवलं. दोन निविदा हुकल्या, एक दरात, एक कागदात. ऑर्डर अजून नाही. फोटो अजून आतल्या खोलीत आहे, आणि बाहेर कधी लावणार हे मी आता त्याला विचारत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. दर महिन्याच्या या बैठकीनंतर आपण अर्धा तास जास्त बसू. विमान नको, हॉटेल नको, हाच हॉल पुरे. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात तीन रकाने आहेत: माझ्या घरात किंवा वस्तीत कोण काय काम करतं, मला कुठल्या कार्यालयाची किंवा कामाची माहिती आहे, आणि मला कशाची गरज आहे. गावी असलेल्या आईचं शिवणकामही लिहा, चुलत्याचं सेंट्रिंगही लिहा. लाजू नका. पहिल्या पानावर दादाचं नाव मी लिहून ठेवलं आहे. आज वहीपाशी मीच बसणार आहे. बिल्ला नाही, तिकीट नाही. आडनाव लिहायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

जय भीम, जय सावित्री.