तिकीट आणि नांव

झाडीपट्टींत धान घरांत आलें कीं नाटकांचे दिवस येतात. दिवाळी उलटली म्हणजे गांवोगांव मंडई भरते, दिवसा दंडार होते आणि रात्रीं नाटकाचा मांडव उभा राहतो. पवनी तालुक्यांतील कोंढ्यासारख्या गांवीं वडशाची एखादी मंडळी येणार असली म्हणजे आसपासच्या खेड्यांतील माणसें जमून पहांटेपर्यंत बसतात. मांडवाच्या दाराशीं एक माणूस उभा असतो. तो तिकीट पाहतो, फाडतो आणि आंत सोडतो. तुमचें नांव काय, मागच्या वर्षीं कोणतें नाटक पाहिलें, कोणत्या प्रवेशाला डोळे पुसले, असें तो कोणास विचारीत नाहीं. मंडळीचा हक्क तिकिटाच्या पैशावर आहे. प्रेक्षकाच्या नांवावर नाहीं. ही गोष्ट इतकी साधी आहे कीं ती कोणीं नियम म्हणून लिहून ठेविली नाहीं.

हाच प्रेक्षक आज घरीं बसून मोबाईलवर नाटक, बोलपट, कीर्तन किंवा शेतीची माहिती पाहतो, तेव्हां दाराशीं माणूस नसतो, यंत्र असतें. तें यंत्र तिकीट मागेलच असें नाहीं. पण टिपण मात्र न चुकतां करतें. कोणत्या खात्यावरून व्हिडिओ उघडला, किती वाजतां उघडला, व्हिडिओ कोणता, आणि ज्या जोडणीवरून तो पाहिला तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील क्रमांक, कोणता, हें सारें त्याच्या वहींत उतरतें. जाहिरात कोणास दाखवावी, पुढें काय सुचवावें, कोणत्या निर्मात्यास किती पैसे द्यावे, हें ठरविण्यासाठीं ही वही लागते, असें कंपन्या सांगतात. आणि तें सर्वस्वीं खोटें नाहीं. अडचण पुढेंच उत्पन्न होते. ज्याचा बोलपट चोरून दाखविला गेला तो निर्माता न्यायालयांत जातो आणि म्हणतो, “ती वही मला दाखवा.” तेव्हां चोरीशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असा प्रेक्षकहि त्या वहीबरोबर न्यायालयाच्या टेबलावर येऊन पडतो.

या तंट्यांत निर्मात्याची बाजू आधीं ऐकली पाहिजे. भारताचा स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७ चा आहे. त्यानें चित्रपटास प्रसिद्धीनंतर ६० वर्षें संरक्षण दिलें आहे, आणि तें योग्यच आहे. एका बोलपटामागें लेखक, नट, गवई, प्रकाशयोजना पाहणारे, कपडे शिवणारे अशा शेंकडों माणसांचे हात असतात. २०१६ च्या जूनमध्यें ‘उडता पंजाब’ या चित्रपटास मुंबईच्या उच्च न्यायालयानें १३ तारखेस एक काटछाट सुचवून परवानगी दिली. १७ तारखेस तो लागावयाचा होता. पण तो लागण्यापूर्वींच त्याची चोरटी प्रत इंटरनेटवर फिरूं लागली. सरकारी परीक्षणासाठीं दिलेल्या प्रतीची खूण तिच्यावर होती. निर्मात्यानें इतका झगडा करून परवानगी मिळवावी आणि पहिल्या खेळाआधींच माल बाजारांत फुकट वाटला जावा, हा अन्याय नाहीं असें कोण म्हणेल? झाडीपट्टीच्या नाटकाचें कोणीं पहिल्याच रात्रीं चित्रण करून तें सर्वत्र पाठविलें तर पुढच्या गांवीं तिकीट कोण काढील? तेव्हां निर्मात्याची तक्रार खरी आहे. तिचा उपाय कोणता, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाची मोठी कसोटी न्यूयॉर्क शहरीं लागली. व्हायाकॉम या करमणुकीच्या कंपनीनें १३ मार्च २००७ रोजीं यूट्यूब आणि तिची मालक गूगल यांवर शंभर कोटि डॉलरांचा दावा लावला. आमच्या कार्यक्रमांचे तुकडे लोक यूट्यूबवर चढवितात आणि यूट्यूब त्यांवर पैसा मिळविते, असें तिचें म्हणणें होतें. हें सिद्ध करण्यासाठीं तिनें यूट्यूबची प्रेक्षकवही मागितली. १ जुलै २००८ रोजीं न्यायाधीश लुई स्टँटन यांनीं ती देण्याचा हुकूम केला. ती वही १२ टेराबाइटांची होती. एका टेराबाइटांत लाखों पुस्तकांचा मजकूर मावतो. प्रत्येक खेपेस कोणीं, केव्हां, कोठून, काय पाहिलें, हें तींत होतें. आश्चर्य असें कीं, त्याच हुकुमांत गूगलच्या शोधयंत्राची गुप्त रचना व्हायाकॉमला देण्यास न्यायालयानें नकार दिला, कारण तें व्यापारी गुपित होतें. कंपनीचें गुपित झांकलें गेलें, प्रेक्षकाचें उघडें पडलें! प्रेक्षकाच्या खासगीपणाची भीति न्यायाधीशांस काल्पनिक वाटली. आयपी क्रमांकावरून बहुधा माणूस ओळखतां येत नाहीं, असें गूगलनेंच पूर्वीं लिहिलें होतें. तेंच वाक्य तिच्यावर उलटलें.

यावर मोठी ओरड झाली. दोनच आठवड्यांनीं, १४ जुलै रोजीं, उभय पक्षांत तडजोड झाली कीं खात्यांचीं नांवें आणि आयपी क्रमांक काढून त्यांच्या जागीं निरर्थक खुणा घालाव्या आणि मग वही द्यावी. व्हायाकॉमला पाहावयाचें होतें तें एवढेंच, कीं चोरलेले तुकडे लोक अधिक पाहतात कीं स्वतः चढविलेले. त्यासाठीं संख्या पुरे होती. नांवाची गरजच नव्हती. पुढें २०१० मध्यें निकाल यूट्यूबच्या बाजूनें लागला, २०१२ मध्यें वरच्या न्यायालयानें तो अंशतः फिरविला, २०१३ मध्यें पुन्हां यूट्यूबच्या बाजूनें लागला आणि २०१४ च्या मार्चमध्यें दोघांनीं समेट केला. सात वर्षें वाद चालला तो मुख्यतः यूट्यूबला कोणत्या चोरीची माहिती होती, यावर. कोणत्या प्रेक्षकानें काय पाहिलें, यावर नव्हे.

अमेरिकेला हा धडा नवा असावयास नको होता. १९८७ सालीं रॉबर्ट बॉर्क या न्यायाधीशांचें नांव तेथील सर्वोच्च न्यायालयासाठीं सुचविलें गेलें असतां त्यांच्या घरच्यांनीं दुकानांतून भाड्यानें आणलेल्या व्हिडिओ-टेपांची यादी एका साप्ताहिकानें मिळवून छापली. यादींत आक्षेपार्ह असें कांहींच नव्हतें. तरीहि लोकप्रतिनिधींच्या मनांत चटकन प्रकाश पडला कीं आज याची यादी, उद्यां आपली. १९८८ मध्यें अशा याद्या उघड करण्याविरुद्ध कायदा झाला.

आतां आपल्या मुंबईकडे वळावें. २०१६ च्या जुलैमध्यें ‘ढिशूम’ हा चित्रपट लागण्यापूर्वीं इरॉस कंपनीनें मुंबईच्या उच्च न्यायालयांत धांव घेतली आणि चोरट्या प्रती दाखविणारीं संकेतस्थळें बंद करण्याचा हुकूम मागितला. प्रतिवादींत इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या होत्या आणि अज्ञात माणसेंहि होतीं. अशा अज्ञातांस आपल्या न्यायालयांत ‘अशोक कुमार’ म्हणण्याची रीत आहे. ज्याचें नांव ठाऊक नाहीं त्याच्यावरचा तो दावा होय. न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं कंपनीस संरक्षण दिलें, पण डोळे मिटून दिलें नाहीं. यादी नीट पडताळून शपथेवर द्या, आणि एखादें संकेतस्थळ सबंधच चोरीचें आहे असें दाखविल्यावांचून तें सबंध बंद करा असें म्हणूं नका, अशी त्यांची भूमिका होती. बंद केलेल्या पानावर कारण लिहावें, कोणाचें विनाकारण नुकसान झालें तर त्यानें कोणाकडे जावें हेंहि लिहावें, असें त्यांनीं सांगितलें.

पण ऑगस्टांत पडद्यांवर जी सूचना झळकली ती वाचून लोकांची छाती धडधडली. अशी प्रत पाहणें हादेखील गुन्हा असून त्यास ३ वर्षें कैद आणि ३ लाख रुपये दंड होऊं शकतो, असा तिचा अर्थ होता. म्हणजे मोबाईलवर बोट लागून चुकीचें पान उघडलें तरी माणूस कैदेच्या वाटेवर! ३० ऑगस्ट रोजीं न्यायमूर्तींनीं ती सूचना बदलावयास लाविली. नुसतें पाहणें हा गुन्हा नव्हे. परवानगीवांचून प्रती वाटणें, जाहीर खेळ करणें, विकणें वा भाड्यानें देणें हा गुन्हा होय, हें त्यांनीं स्पष्ट केलें. या एका वाक्यानें प्रेक्षक आणि चोर यांच्यामध्यें जी रेघ पुसली गेली होती ती पुन्हां ओढली गेली. ती रेघ महत्त्वाची आहे. पाहणें हा गुन्हा ठरला तर प्रत्येक प्रेक्षक संशयित होतो, आणि प्रत्येक संशयिताची वही मागण्यास वाट मोकळी होते.

कोणी म्हणेल, “कर नाहीं त्याला डर कशाला?” ही म्हण चांगली आहे, पण ती यंत्राच्या चुका जमेस धरीत नाहीं. २००७ सालीं त्या काळच्या ऑर्कुट या स्थळावर छत्रपति शिवाजी महाराजांविषयीं आक्षेपार्ह मजकूर आला. पुणें पोलिसांनीं क्रमांकावरून तपास केला आणि बेंगळुरूच्या एका तरुण संगणक-अभियंत्यास पकडलें. सुमारें ५० दिवस तो कैदेंत राहिला. पुढें कळलें कीं त्या क्रमांकाचा ग्राहक म्हणून सेवा पुरविणाऱ्या कंपनीनें चुकीचें नांव कळविलें होतें. तो तंटा स्वामित्वहक्काचा नव्हता. पण क्रमांक म्हणजे माणूस नव्हे, हा त्यांतील धडा येथेंहि तितकाच लागू आहे. खेड्यांत तर एकच मोबाईल घरांतील चौघे वापरतात. आजोबांनीं पाहिलें काय, नातवानें पाहिलें काय, वहींत नांव एकाचेंच.

शिवाय लपविणें आणि खासगी ठेवणें यांत अंतर आहे. एखादी सून कुटुंबनियोजनाची माहिती ऐकते, क्षयाचा रोगी औषधाची माहिती पाहतो, मजूर किमान वेतनाचा कायदा समजून घेतो, एखादा तरुण दुसऱ्या धर्माचें प्रवचन ऐकतो. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण हें उघड झालें तर लहान गांवांत त्यांस सोसावें लागतें. आणि सोसावें लागेल या भीतीनें माणूस पाहावयाचेंच सोडतो. ज्ञान मिळण्याची वाट अशी मुकाट्यानें बंद होते, आणि त्याचा बोभाटाहि होत नाहीं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें सांगितलें कीं खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यास बाध आणावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतु योग्य हवा आणि उपाय प्रमाणांत हवा. पुढें २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध होऊन अंमल टप्प्याटप्प्यानें ठरला. मात्र या कायद्यांत एक खिडकी आहे. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठीं जी माहिती वापरणें ‘आवश्यक’ असेल तिला त्यांतील बहुतेक बंधनें लागू नाहींत. पुढील काळांतील वाद या ‘आवश्यक’ शब्दाभोंवतींच फिरतील. न्यूयॉर्कची वहीहि प्रथम आवश्यकच म्हणविली गेली होती. दोन आठवड्यांत ती नांवांवांचून चालली.

निर्मात्यास नांवांवांचून उपाय नाहीं असेंहि नाहीं. यूट्यूबनें २००७ पासून असें यंत्र चालविलें आहे कीं तें चढविलेल्या चित्राची मूळ कृतीशीं ताडणी करून मालकास कळवितें. आपल्या कायद्यांत २०१२ च्या दुरुस्तीनें मध्यस्थाकडे लेखी तक्रार करण्याची सोय झाली. नियमाप्रमाणें ३६ तासांत ती वाट बंद व्हावी आणि २१ दिवसांत मालकानें न्यायालयाचा हुकूम आणावा. या उपायांत चोरीचा माल पकडला जातो. प्रेक्षकाच्या घरांत कोणी डोकावत नाहीं. जो माणूस प्रत चोरून चढवितो किंवा विकतो, त्याचें नांव न्यायाधीशानें कारण पाहून अवश्य मागवावें. तो मांडवाची कनात फाडणारा होय. त्याच्यासाठीं मांडवांत बसलेल्या सर्वांची झडती घेणें हा न्याय नव्हे.

प्रेक्षकाचेंहि कर्तव्य आहे. चोरटी प्रत फुकट मिळते म्हणून घेऊं नये, पुढें पाठवूं नये. कलावंताचें तिकीट काढावें. आपल्या खात्यांतील पाहिल्याची नोंद थांबविण्याची वा पुसण्याची सोय यूट्यूबवर असते, ती घरांतील मुलांकडून शिकून घ्यावी. आणि जेथें जेथें कायद्याची चर्चा होईल तेथें एवढें मागावें: आधीं संख्या द्या, नांव नको, नांव हवेंच असेल तर न्यायाधीशाच्या हुकुमानें, एका माणसाचें, एका सांगितलेल्या कृत्यासाठीं, आणि ज्याचें नांव द्यावयाचें त्यास आधीं कळवून. कलावंताला त्याचें मोल मिळावें आणि पाहणाऱ्याला निर्धास्तपणें पाहतां यावें, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहींत. निर्भय प्रेक्षकच पुन्हां तिकीट काढावयास येतो.